सातातले दोन पदर

माघ लागला की मला एक खोड जडते. कुठंही जाऊन बसलो तरी आधी उत्तर दिशा कुठली ते बघतो. सून चिडवते, "बाबा, वास्तुवाल्यांचा क्लास लावलात की काय?" मी हसून वेळ मारून नेतो. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी नेमकी उत्तरेला आहे आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरचा पाण्याचा पाईप गळतो, तिथं शेवाळ धरलंय. संध्याकाळी मी खुर्ची टाकून त्या शेवाळाकडं तोंड करून बसतो. परवा खालच्या मजल्यावरची मंडळी गाडी भरून हुरडा खायला निघाली, मलाही चला चला म्हणत होती. मी गुडघ्याचं कारण पुढं केलं. गुडघा ठणठणीत आहे.

हुरडा मला आवडत नाही असं नाही. पण ज्वारीचं उभं रान दिसलं, त्यात चार लाकडं रोवून बांधलेला राखणीचा माळा दिसला, की एक जुना हंगाम अंगावर येतो. पन्नास वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात माणसं मेलेल्यांचं दुःखसुद्धा विसरतात. मी ज्याच्यापायी झुरतो तो मेला की जगला हेच कुणाला कळलं नाही, म्हणून विसरायची सोय राहिली नाही.

तेव्हा मी पाथर्डीला एस.टी. स्टँडच्या मागं रेडिओ दुरुस्त करायचो. दुकान म्हणजे एक टपरी. राळेचा धूर, तापलेल्या कथलाचा वास आणि उघड्या पडलेल्या रेडिओच्या पोटातून येणारी खरखर. वडील शाळामास्तर. मुलगा निदान तलाठी तरी होईल अशी त्यांची आशा. मी पुण्याला एका दुकानात वर्षभर हात भाजून आलो आणि लोकांच्या रेडिओची पोटं उघडत बसलो. बाजारात मला पहिल्यांदा कुणी 'मिस्तरी' म्हणून हाक मारली, त्या दिवशी वडील दोन घास कमी जेवले. मला मात्र त्या हाकेचा गर्व होता. चोवीस वर्षांचं वय, राळेनं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली बोटं, आणि तालुक्यात आपल्याइतकं कुणाला येत नाही ही खात्री. येत नव्हतंच कुणाला. तिथंच घोटाळा झाला.

ट्रान्झिस्टर उघडला की सगळ्यात वर ती कांडी आडवी निजलेली असायची. काळपट करडी, वीतभर लांब, पाटीवरच्या पेन्सिलीची थोरली बहीण. तिच्यावर रेशमात गुंडाळलेल्या तारेची वेटोळी. जुन्या मोठ्या रेडिओंना छपरावर तार ताणावी लागायची, बांबू उभे करावे लागायचे. ही वीतभर कांडी तेच काम पेटीच्या आत पडल्या पडल्या करायची. रानात मोकळं सुटलेलं पाणी पसरत जातं, पण मधून पाट काढून दिला की आजूबाजूचंही त्यात उतरतं. तशा आभाळातल्या चुंबकी लहरी या कांडीत गोळा होतात, वेटोळ्यांच्या मधून जातात आणि तारेत अगदी पुसटशी वीज जागी होते. आपण बोटानं चाकी फिरवतो तेव्हा त्या वेटोळ्याला एकाच स्टेशनचा ठेका धरायला लावतो. बाकीची स्टेशनं त्याच क्षणी त्याच कांडीतून जात असतात, पण त्यांना कुणी दार उघडत नाही. मला हे कितीदा बघितलं तरी नवल वाटायचं.

ती तारही साधी नव्हे. केसाहून बारीक सात तारा एकत्र पिळलेल्या, प्रत्येकीवर वेगळा मुलामा. तुटलेली तार जोडायची तर सातही पदर खरवडून, सातही कथलात बुडवून जोडावे लागतात. सात जोडले तर कांडी तिखट कानाची. एखाददुसरा राहिला तर जवळचं स्टेशन खणखणीत येतं, लांबचं मात्र धूसर होतं. गिऱ्हाईकाला फरक कळत नाही. मिस्तरीला कळतो.

भिवातात्या दुकानात आले तेव्हा पौष संपत आला होता. पाथर्डीपासून दोन कोसांवर डोंगराच्या पायथ्याला त्यांची जिरायत होती. उपरण्यात बांधलेला रेडिओ त्यांनी लेकरू ठेवावं तसा फळीवर ठेवला.

"मिस्तरी, माळ्यावरनं पडला ह्यो."

"माळ्यावर कशाला नेला होता तात्या? पाखरांना ऐकवायला?"

"उंच न्हाई का माळा! नगरात मिल्ट्रीच्या इमारतींवर तारा उंच बांधल्यात. म्हनलं उंचावरनं लांबचं ऐकू यील." मग त्यांनी कमरेचं फडकं सोडलं. आत कांडीचे दोन तुकडे होते आणि एक शिवणाची सुई. "कांडी मोडली. आन मेलीबी बगा. तुमीच म्हनला हुता ना चुंबकाची हाय? सुई लावून बगितली, धरतच न्हाई."

मी खदखदून हसलो. शेजारचा सायकलवालाही हसला. मी म्हटलं, "तात्या, ही धडधाकट होती तेव्हाही सुई धरत नव्हती. हे सुई धरणारं चुंबक नव्हे, लहर धरणारं आहे."

"मंग लहर धरती का न्हाई, ते कसं बगायचं आमी?"

"ते मी सांगतो ना."

ते वाक्य मला अजून कानाशी ऐकू येतं. सुईनं तपासता आलं असतं तर त्यांनी स्वतः तपासलं असतं. त्यांच्या हातातली सुई मी काढून घेतली आणि तिच्या जागी माझा शब्द ठेवला.

त्यांना लांबचं काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं, कारण पलटणीकडून आलेली तार मीच वाचून दाखवली होती. इंग्रजी वाचणारा म्हणून लोक पोस्टातून थेट माझ्याकडं यायचे. तात्यांचा एकुलता मुलगा एकनाथ पलटणीत होता. मार्गशीर्षातलं ते युद्ध चौदा दिवसांत संपलं, पेढे वाटून झाले, आणि मग तार आली. एकनाथ सापडत नव्हता. मी शब्द शोधला आणि म्हटलं, "बेपत्ता लिहिलंय तात्या." ते तारेकडं बघत म्हणाले, "बेपत्ता म्हंजी पत्ता न्हाई. मानूस हाय." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

पुढं रजेवर आलेल्या कुणा शिपायानं सांगितलं की पलीकडचं, लाहोरकडचं स्टेशन दिवेलागणीनंतर आपल्या कैद्यांची नावं वाचतं. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी रेडिओ घेऊन माळ्यावर चढायचे. दिवसा सून तिथून गोफणीनं पाखरं हाकायची, दिवस कलला की सासरा नावं गोळा करायला बसायचा.

माझ्याकडं नवी कांडी नव्हती. पुण्याहून आणावी लागली असती. मी तुकडे चिकटवून सांधले. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी कांडीचा जोर कमी होतो, पण ते वेटोळं जरा सरकवून बरंचसं भरून काढता येतं. तार मात्र वाईट तुटली होती. पाच पदर जोडले. दोन पदर आत वेटोळ्याखाली तुटले होते, त्यांच्यासाठी सगळं उलगडून पुन्हा गुंडाळायला हवं होतं. दिवस बाजाराचा होता, बाहेर चार गिऱ्हाईकं तिष्ठत होती. मी बटण दाबलं. मुंबई स्टेशन असं दणक्यात वाजलं की तात्यांनी हात जोडले.

"झालं तात्या, पहिल्यासारखा," मी म्हणालो.

त्या रविवारी मी आपण होऊन सायकल काढली. चोराच्या मनात चांदणं, असंही म्हणता येईल. पण मला त्यांना एक युक्तीही शिकवायची होती. कांडीचा एक स्वभाव आहे. ती कुशीवरून ऐकते आणि टोकांकडून बहिरी असते. जे स्टेशन ऐकायचं त्याच्याकडं तिची कूस करायची, जे नको त्याच्याकडं टोक. आमच्याकडून मुंबई नेमकी मावळतीला आणि लाहोर सरळ उत्तरेला. म्हणजे रेडिओचं तोंड उत्तरेला केलं की कांडी आपोआप उगवती-मावळती निजते, मुंबईचा गलबला तिच्या टोकावरून निघून जातो आणि उत्तरेचा बारीक आवाज कुशीत शिरतो. उंची नको, दिशा हवी, हे मी तात्यांना माळ्याखाली उभं राहून सांगत होतो. ते म्हणाले, "म्हंजी पाठ दक्षिनेला. यमाकडं पाठ. झ्याक हाय की."

सून चंद्रभागा माळ्यावरून उतरून बांधावर उभी होती. बावीस वर्षांची असेल. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हाताला गोफणीचे वळ. लग्नानंतर एकनाथ तिच्या वाट्याला दोन रजांपुरता आला होता. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण मी गेल्यावर तिनं खळ्याच्या कडेला ओली माती थापून रेडिओची बैठक केली, अगदी रेडिओच्या मापाची, उत्तरेकडं तोंड असलेली. रेडिओ केसभर इकडं-तिकडं झाला की मुंबईची गाणी मध्ये घुसतात, हे तिला दोन संध्याकाळींत कळलं. मला ते समजायला पुण्यात तीन महिने लागले होते. ही गाणं बंद करून खरखर ऐकत बसते म्हणून भावकीतल्या बाया तिला हसायच्या.

आता मोबाईलला दिशा लागत नाही. कुठंही तोंड करून बोला, पालथं झोपून बोला, पोचतं. बरं झालं. निदान कुठल्या म्हाताऱ्याला आपण चुकीच्या बाजूला बसलो होतो का, असं तरी वाटणार नाही.

माघात ज्वारी पिवळी पडू लागली. काढणीवाल्यांची गडबड, कडब्याच्या पेंढ्या, पायाला टोचणारी धसकटं. अशा एका सकाळी तात्या आणि चंद्रभागा दोघं माझ्या दुकानाच्या दारात उभी. काढणी टाकून आली होती. तात्यांच्या आधी तीच बोलली.

"काल म्हनला, जिला अहमदनगर. सपष्ट म्हनला. त्याच्या आदी नाव हुतं, ते खरखरीत गेलं. शेवटाला 'नाथ' ऐकल्यागत वाटलं."

"नाथ?"

"व्हय. त्याच्या आदीचं काय कळलं न्हाई."

आमच्या मुलखात नाथांना काय तोटा! कानिफनाथाचा गड डोंगरावर बसलेला, त्यामुळं दर तिसऱ्या घरात एक नाथ. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, कानिफनाथ, एकनाथ. पलटणीत गेलेली पोरंही तीच. नुसत्या 'नाथ'वरून काही ठरत नव्हतं. ठरलं असतं ते त्याच्या आधीच्या दोन अक्षरांवरून, आणि ती दोन अक्षरं माझ्या दोन पदरांनी खाल्ली होती. खाल्ली असतील. खाल्ली नसतीलही, कारण लांबची लहर मुळातच चढते-उतरते, सातही पदर शाबूत असलेल्या रेडिओतही ती मध्येच बुडते. हा दुसरा खुलासाही खराच होता, आणि तेवढाच मी त्यांना सांगितला.

"लहरींचं असंच असतं तात्या. भरती-ओहोटी असते. पुन्हा वाचतील नाव, कान ठेवा."

चंद्रभागेनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. "रेडू तर नीट हाय ना?"

"नीट आहे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन कांडी आणायची असं मी मनाशी ठरवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. लग्नसराई उभी राहिली, गावोगावचे कर्णे दुरुस्तीला येऊन पडले, आज जाऊ उद्या जाऊ करता करता चैत्र उजाडला. नवी कांडी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, सातही पदर जोडले, आणि लाहोर शेजारच्या ओट्यावरून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. स्वच्छ गाणी लागायची. नावं वाचायची बंद झाली होती. मला माझी किळस आली. तात्यांनी गूळपाणी दिलं, ते पिऊन मी परत आलो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात राखायला कणीस नव्हतं म्हणून माळाही बांधला नाही कुणी. सगळं गाव खडी फोडायला. तात्या आणि चंद्रभागाही रस्त्याच्या कामावर बसायची. त्याच थंडीत पलीकडं डांबलेले आपले कैदी सुटून आले. शेवगावच्या बाजूचा एक गोरक्षनाथ घरी आला. लोक म्हणाले, तेव्हा वाचलं होतं ते याचंच नाव. तात्या त्याला भेटून आले. एकनाथ कुठल्याच छावणीत त्याला दिसला नव्हता. पलटणीला केलेल्या अर्जांनाही दर वेळी तोच एक शब्द उत्तर म्हणून येत होता.

मग तात्या माझ्याकडं आले. केसांत, भुवयांत खडीची पांढरी धूळ. फळीवर बसले, पाणी प्यायले. चंद्रभागेचा भाऊ येऊन गेला होता. बहीण तरणी आहे, तिला दुसरं घर बघू द्या म्हणत होता. तात्यांनाही ते पटलं होतं. भटजींनी सांगितलं होतं की गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले, की सगळे मोकळे. येत्या सोमवारचं ठरलं होतं.

"येकच इचारायचंय," ते म्हणाले. "त्यांनी नाव घेतलंच न्हाई, का आमालाच ऐकू आलं न्हाई? येवढं सांगा. मंग मी त्याला जाळतो."

इतकं शांत बोलणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. त्यांचं रडून झालं होतं. त्यांना माझ्याकडून फक्त एक 'घेतलं नाही' हवं होतं. आणि मला काय हवं होतं? मला मोकळं व्हायचं होतं. वर्षभर ते दोन पदर माझ्या घशात अडकले होते. वडिलांनी लहानपणी घोकून घेतलं होतं, खरं बोलावं, खऱ्याला मरण नाही. मी खरं बोललो. पाच पदर, दोन पदर, बाजाराचा दिवस, सगळं सांगितलं. बोलता बोलता रडलो. मला वाटलं, आता ते माझ्या थोबाडीत मारतील. मारायला हवी होती.

तात्या उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या धुळीतून उजळलेला तो चेहरा मला माघ लागला की दिसतो.

"म्हंजी रेडू बहिरा हुता!"

"थोडासा, तात्या. लांबचं जरा—"

"मंग त्येचंबी घेतलं आसंल की नाव! गोरक्षाचं आमी ऐकलं, आमच्या एकनाथाचं ऐकू आलं न्हाई. मेला कुठं त्यो? हाय! तिथंच हाय!"

मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, तात्या, कैदी तर सगळे आले. ते म्हणाले, सगळे आले हे तरी कुणी मोजलं? त्यांनी माझे पाय धरायला हात खाली नेले. मी मागं सरलो तर पाठीमागची फळी कोसळली, सगळे खिळे-मोळे जमिनीवर. ते वेचायलाही मला मदत करून तात्या गेले. चालत गेले की पळत, आठवत नाही. सोमवार झाला नाही. भटजींना निरोप गेला, भावाला रिकाम्या हातानं परत लावलं. नवरा जिता असताना बाईला दुसरं घर कुठलं?

त्यानंतर तात्या अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला, खळ्यावर, उत्तरेकडं तोंड करून. पुढं त्या स्टेशनवर काय लागायचं, गाणी की भाषणं, त्यांना एक शब्द कळत नसे. दर पोळ्याला आणि दर दिवाळीला ते मला अर्ज लिहायला बोलवायचे आणि मी लिहायचो. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आशेवर माणूस जगतो म्हणतात. जगतो, हे मी बघितलंय. पण ती आशा त्यांच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला रोज थोडी थोडी खात होती, हे दिसूनही मी अर्जच लिहीत राहिलो.

तात्यांच्या दहाव्याला मी गेलो. घाटावरची माणसं पांगली होती. चंद्रभागा भिंतीला टेकून बसली होती. चौतीस-पस्तीसचं वय, कानशिलं पिकलेली, हातभर बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी समोर बसलो. काहीतरी बोलावं म्हणून पुन्हा तेच बोललो. म्हटलं, चंद्राबाई, माझ्या हातून ते दोन पदर राहिले, त्याची माफी मी तात्यांकडं मागितली होती, तुमच्याकडं कधी मागितली नाही.

ती मग हलक्या आवाजात बोलली, रागावून नव्हे.

"पदर ऱ्हायले त्याचं काय न्हाई, मिस्तरी. काम ऱ्हातं मान्साच्या हातनं. पन मामंजी त्याला जाळायला निघाले हुते. तवा तुमी खोटं बोलायला पायजे हुतं. त्या सोमवारी मी रडून घेनार हुते. आता त्यो जिता हाय म्हनत्यात, तर रडायचं कसं? त्याला अपशकून हुईल."